इलियाक फोर : चौसष्ट हात आणि एक हलगी

१९६६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या आर्पा या संशोधन संस्थेनं इलिनॉय विद्यापीठाशी एक करार केला. हवं होतं ते असं : २५६ प्रोसेसर, सेकंदाला शंभर कोटी गणिती क्रिया, अंदाजे खर्च ८० लाख डॉलर. १९७२ मध्ये जे यंत्र प्रत्यक्ष पोचलं त्यात ६४ प्रोसेसर होते आणि खर्च ३ कोटी १० लाख डॉलरवर गेला होता. शिवाय ते इलिनॉयला आलंच नाही, सुमारे तीन हजार किलोमीटर दूर कॅलिफोर्नियात उतरलं. पुढची तीन वर्षं त्याच्या उत्तरांवर डोळे मिटून विश्वास ठेवायची सोय नव्हती.

हे यंत्र म्हणजे इलियाक फोर. समांतर संगणकांच्या इतिहासात त्याला बहुधा ‘फसलेला प्रकल्प’ म्हणून एका ओळीत उरकतात, आणि मला ते फार खटकतं. मी रोज जीपीयूवर, म्हणजे एका वेळी पुष्कळ आकडेमोड करणाऱ्या समांतर चिपवर, चालणारे प्रोग्रॅम लिहितो. या कामात जे जे नाकी नऊ आणतं, ते जवळपास सगळं इलियाक फोरवर बसलेल्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी सोसलेलं आहे. त्यांचं गाडं आकडेमोडीत अडलं नाही. चौसष्ट बेरजा एका दमात करणं त्यांना जमलं होतं. त्या चौसष्ट बेरजांना लागणारे आकडे नेमके त्या क्षणी नेमक्या जागी हजर करणं, ही खरी मेख होती. प्रकरण नीट पाहिलं की पैसा, चिप, विद्यार्थ्यांचा मोर्चा हे सगळं ओलांडून गोष्ट पुन्हा पुन्हा तिथेच येते.

कल्पना कुठून आली

यंत्रामागचा माणूस डॅनियल स्लॉटनिक. जन्म १९३१ चा. विशीतच तो प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये जॉन फॉन नॉयमन यांच्या संगणकावर काम करत होता. त्या संगणकासाठी एक चुंबकीय ड्रम तयार होत होता, म्हणजे फिरता दंडगोल, त्यावर शेजारी शेजारी कितीतरी माग आणि प्रत्येक मागासमोर एक वाचणारं डोकं. स्लॉटनिकच्या मनात आलं की आकडे सगळ्या मागांवरून एकाच वेळी समोरून जात असतील, तर प्रत्येक मागाला आपापला गणिती विभाग का देऊ नये? सगळे विभाग मिळून एकच क्रिया करतील, आकडे मात्र ज्याचे त्याचे. फॉन नॉयमन यांचं म्हणणं पडलं की याला फारच निर्वात नळ्या लागतील. १९५२ च्या सुमाराला ते खरंच होतं.

अशा विचारात स्लॉटनिक एकटा नव्हता. इंग्लंडच्या लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्येच ६४,००० माणसं एका अवाढव्य गोल सभागृहात बसवून साऱ्या पृथ्वीचं हवामान हातानं गणायचं चित्र रंगवलं होतं. मधोमध उंच मनोऱ्यावर एक संचालक, आणि प्रत्येक माणूस नकाशाचा आपला तुकडा सोडवून शेजाऱ्याला आकडा कळवणार. १९५८ मध्ये स्टीफन उंगर यांनी चित्रं ओळखण्यासाठी जाळीसारख्या मांडलेल्या छोट्या प्रोसेसरांचं यंत्र सुचवलं. त्याच वर्षी आयबीएममध्ये स्लॉटनिक आणि जॉन कॉक यांनी आकडेमोडीतल्या समांतरपणावर एक टिपण लिहिलं. कंपनीनं पुढे काही केलं नाही. स्लॉटनिक वेस्टिंगहाउस कंपनीत गेला आणि तिथे १९६२ मध्ये त्यानं सहकाऱ्यांसह सॉलोमन यंत्राचा आराखडा मांडला. ३२ बाय ३२ च्या जाळीत १,०२४ प्रोसेसर, प्रत्येक जण एका वेळी एकच बिट हाताळणारा, आणि सगळ्यांवर एकच नियंत्रक. त्याचे लहान नमुने बनले, पुढे हवाई दलाचा पैसा आटला आणि सॉलोमन पूर्ण आकारात कधी उभा राहिला नाही. १९६५ मध्ये स्लॉटनिक इलिनॉयला आला तो ही अर्धी राहिलेली गोष्ट उराशी घेऊनच.

हलगी एक, हात चौसष्ट

इलियाक फोर कसं चालायचं हे समजायला लेझीम डोळ्यांसमोर आणावी. हलगी एक असते, ताल एक असतो. पथकातले सगळे एकाच ठोक्याला एकच हालचाल करतात. हातातली लेझीम मात्र ज्याची त्याची.

हलगीवाला म्हणजे नियंत्रण विभाग. प्रोग्रॅम तोच वाचायचा, हुकूम तोच सोडायचा. त्याच्यासमोर ६४ प्रोसेसर, आणि प्रत्येकाजवळ स्वतःची मेमरी, ६४ बिटांचे २,०४८ शब्द. ‘बेरीज करा’ म्हटलं की चौसष्टही जण आपापल्या मेमरीतले दोन आकडे उचलून बेरीज करणार. ‘तू बेरीज कर, तू गुणाकार’ असं सांगायची सोयच नाही. मायकल फ्लिन यांनी १९६६ मध्ये संगणकांचे जे चार प्रकार पाडले त्यात हा ‘एक हुकूम, अनेक आकडे’ या प्रकाराचा अस्सल नमुना.

मग ‘जर’ आणि ‘नाहीतर’ कसं करायचं? समजा तव्याच्या पत्र्याचं तापमान गणतोय. काठावरच्या बिंदूंना एक सूत्र आणि आतल्यांना दुसरं. प्रत्येक प्रोसेसरला एक छोटा खटका दिलेला होता. अट तपासल्यावर ज्यांची अट खोटी ठरेल त्यांचा खटका बंद, म्हणजे हुकूम ऐकू येणार पण निकाल साठवला जाणार नाही. आधी काठाचं सूत्र चालवायचं, तेव्हा आतले उभे राहणार. मग खटके उलटे करून आतलं सूत्र, तेव्हा काठावरचे उभे राहणार. दोन्ही सूत्रांचा वेळ सगळ्यांना भरावाच लागतो. चौसष्टांपैकी एकाच बिंदूला वेगळी वागणूक हवी असेल तर त्या वेळेपुरते त्रेसष्ट जण हातावर हात ठेवून बसतात.

शेजाऱ्याकडून आकडा हवा असेल तर चार वाटा होत्या. एक पुढे, एक मागे, आठ पुढे, आठ मागे. चौसष्ट जण गोलात बसलेत असं समजा. तीन नंबरला अकराव्याचा आकडा हवा तर आठची एक उडी पुरते. सर्वांत जास्त पावलं लागणारा एक पल्ला पाहू : ३६ घरं दूर. सरळ गेलं तर आठच्या चार उड्या आणि एकच्या चार, एकूण आठ. उलट बाजूनं ते अंतर २८ भरतं, म्हणजे आठच्या तीन आणि एकच्या चार, एकूण सात. कुठूनही कुठे जायला सातपेक्षा जास्त पावलं लागत नाहीत. रचना देखणी आहे, पण पावलंही सगळ्यांनी मिळूनच टाकायची. एकाचा आकडा सात पावलं लांबून यायचा असेल तर बाकीचेही त्याच्याबरोबर सरकणार.

भर सभेतला वाद

१९६७ च्या वसंतातल्या संगणक परिषदेत, अटलांटिक सिटीमध्ये, आयबीएमचे जीन अ‍ॅमडाल आणि स्लॉटनिक एकाच सत्रात समोरासमोर उभे राहिले. अ‍ॅमडाल यांचा मुद्दा रोखठोक होता. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये काही भाग असा असतोच की तो एकामागून एकच करावा लागतो, आणि प्रोसेसर कितीही वाढवले तरी तो भाग आकसत नाही. या युक्तिवादाला पुढे नियमाचं रूप आलं. त्यानुसार हिशेब करून पाहा : कामाचा फक्त दहावा हिस्सा क्रमानं करावा लागत असेल, तर ६४ प्रोसेसर लावून वेग ६४ पट होत नाही, पावणेनऊ पटीच्या जरा वरच थांबतो.

स्लॉटनिकचं उत्तर असं की काही कामं मुळातच जाळीची असतात. हवामान, विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा, भूकंपाच्या लहरी. लाखो बिंदू आणि प्रत्येकाला तेच सूत्र. तिथे क्रमानं करायचा हिस्सा दहावा नसतो, फार थोडा असतो.

आज मागे वळून पाहता मला दोघंही आपापल्या कामांपुरते बरोबर वाटतात. पण त्या वादात एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात दुय्यम राहिली. काम समांतर आहे एवढ्यानं भागत नाही, आकड्यांची मांडणीही समांतर करावी लागते. ते काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यावर येऊन पडलं.

एक चिप हुकली आणि

यंत्र बांधायचं कंत्राट बरोज कंपनीकडे गेलं आणि चिपचं काम टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे. ठरलं होतं की प्रत्येक चिपमध्ये त्या काळाच्या मानानं पुष्कळच सर्किट कोंबायचं, ६४ पायांची (म्हणजे जोडणीच्या पिनांची) मोठी चिप बनवायची. ती काही केल्या नीट जमेना. शेवटी १६ पायांच्या लहान, ओळखीच्या चिपवर परत यावं लागलं.

इथून जी साखळी सुरू झाली ती प्रकल्प चालवणाऱ्या कुणीही बारकाईनं पाहावी अशी आहे. चिप लहान म्हणून त्यांची संख्या वाढली. संख्या वाढली म्हणून बोर्ड मोठे झाले. बोर्ड मोठे झाले म्हणून मेमरीसाठी राखलेली जागा गेली. बरोजनं या यंत्रासाठी पातळ चुंबकीय थराची मेमरी योजली होती, तिला जागाच उरली नाही, ती रद्द झाली. तिच्या जागी फेअरचाइल्ड कंपनीची २५६ बिटांची अर्धवाहक चिप आली. ६४ प्रोसेसरांची मेमरी मिळून एक मेगाबाइट होते. नुसता भागाकार केला तरी ३२,७६८ चिप लागतात.

या फरफटीतून एक चांगली गोष्ट निघाली. एवढी मोठी मेमरी सगळीच्या सगळी अर्धवाहक चिपांची असणं तेव्हा नवलाचं होतं, आणि चुंबकीय कड्यांच्या मेमरीचे दिवस भरत आल्याची ती एक ठळक खूण ठरली. पण प्रकल्पाचा विचार केला तर एकाच वेळी नवी रचना, नवी चिप, नवी मेमरी आणि नव्या भाषा असे चार जुगार खेळले गेले. एक हुकला की दुसऱ्याला धक्का बसायचा. २५६ चे ६४ झाले ते इथेच. चौसष्टाची चार पथकं उभी राहायची होती, एकच राहिलं.

हे एक पथकसुद्धा ५० फूट लांब, १० फूट उंच आणि ८ फूट खोल होतं. त्याचे वीजपुरवठ्याचे ठोकळे इतके जड की ते काढायला-घालायला एकाच दांड्याचा खास फोर्कलिफ्ट बनवावा लागला. वीज नेणाऱ्या तांब्याच्या जाड पट्ट्यांवर इपॉक्सीचं आवरण होतं. ते तडकायचं आणि शॉर्टसर्किट व्हायचं.

मे १९७०

यंत्र अर्बानाला विद्यापीठाच्या आवारात बसायचं होतं. जानेवारी १९७० मध्ये ‘डेली इलिनी’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकानं बातमी दिली की संरक्षण खातं हा संगणक अण्वस्त्रांच्या कामासाठी वापरणार आहे. यंत्राचा दोन तृतीयांश वेळ त्या खात्याचा, हे करारातच होतं. व्हिएतनाम युद्ध भडकलेलं. ४ मे रोजी ओहायोच्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. ९ मे रोजी इलिनॉयच्या आवारात इलियाकविरोधी निदर्शनांचा दिवस पाळला गेला.

स्लॉटनिकसाठी हे यंत्र हवामानाचं आणि विज्ञानाचं होतं. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर त्यावर पैसा लावणारं खातं होतं आणि रोज दूरचित्रवाणीवर दिसणारं युद्ध होतं. विद्यार्थ्यांची भीती बिनबुडाची होती असं मी म्हणणार नाही, पैसा ज्याचा त्याची कामं आधी होतात. पण एक गोष्ट मनाला लागते. ज्या माणसानं वीस वर्षं ही कल्पना वाहिली, त्याच्या हातून ती नेमकी उभी राहायच्या वेळी निसटली. यंत्राच्या सुरक्षिततेची हमी देता येईना. जानेवारी १९७१ मध्ये जाहीर झालं की यंत्र कॅलिफोर्नियात, मॉफेट फील्डच्या नासा एम्स संशोधन केंद्रात जाईल. स्लॉटनिक इलिनॉयलाच राहिला.

एक लाख दहा हजार रोधक

एप्रिल १९७२ मध्ये यंत्र एम्सला पोचलं. चालू व्हायचं, बंद पडायचं. बोर्डांना तडे, निकृष्ट रोधक (रेझिस्टर), तारांमधून संकेत पोचायला लागणाऱ्या वेळेत फरक. यातला सर्वांत वाईट दोष तो, जो उघड होत नाही. चौसष्टातला एक प्रोसेसर मधूनच चुकीचा बिट देतो, बाकी त्रेसष्ट बरोबर असतात, आणि निकालाच्या हजारो आकड्यांच्या ढिगात ती चूक शांत पडून राहते.

जून १९७५ मध्ये चार महिन्यांची मोहीम काढली. १,१०,००० रोधक बदलले. तारा नव्यानं ओढल्या. वीजपुरवठ्यातला खरखराट गाळायची सोय सुधारली. आणि क्लॉक, म्हणजे यंत्राचा ठोका, ज्याचं मूळ उद्दिष्ट २५ मेगाहर्ट्झ होतं, ते १३ वर उतरवलं. प्रोसेसर चौथ्या हिश्शानं आणि ठोका जवळजवळ निम्म्यानं, म्हणजे कागदावरच्या वेगाचा सुमारे आठवा हिस्सा हाती राहिला. त्या नोव्हेंबरात यंत्र कामाला लागल्याचं जाहीर झालं आणि ते आर्पानेटला, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याला, जोडलेलं असल्यानं दूरच्या संशोधकांनाही वापरता येऊ लागलं. जाळ्यावरून हाताशी आलेला हा पहिला महासंगणक. क्रे-वन हा गाजलेला महासंगणक पुढच्या वर्षी आला.

त्या मोहिमेतल्या तंत्रज्ञांची नावं इतिहासात फारशी येत नाहीत. एक लाखावर रोधक हातानं बदलून एक मोडकळीला आलेलं यंत्र विज्ञानाच्या कामाला लावणं, हे मला नव्या आराखड्याइतकंच मोलाचं काम वाटतं.

आकडा कुठे ठेवायचा

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि इथे जरा थांबून पाहू, कारण सगळं मर्म याच ठिकाणी आहे.

सोयीसाठी चारच प्रोसेसर धरा आणि चार बाय चारचं एक कोष्टक. ओळी १ ते ४, रकाने क, ख, ग, घ. प्रत्येक प्रोसेसरच्या मेमरीचा एक उभा स्तंभ समजा. सरळ मांडणी अशी होईल :

१क १ख १ग १घ
२क २ख २ग २घ
३क ३ख ३ग ३घ
४क ४ख ४ग ४घ

पहिली ओळ हवी? चौघेही आपापला पहिला कप्पा उघडतात, एका ठोक्यात काम झालं. पण रकाना क हवा असेल तर? १क, २क, ३क, ४क हे चारही आकडे पहिल्या प्रोसेसरच्याच मेमरीत अडकलेत. तो एकेक करून काढणार, बाकीचे तिघं बघत बसणार. चारऐवजी चौसष्ट धरा, म्हणजे एका हुकमाचं काम चौसष्ट हुकमांत. एवढा खर्च करून जमवलेला समांतरपणा आकडे कसे ठेवले एवढ्याच कारणानं शून्यावर आला. जातं कितीही मोठं आणलं, वैरण एकाच मुठीनं पडत असेल तर पीठ तेवढंच पडणार.

इलिनॉयमध्ये डेव्हिड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी तिरपी मांडणी वापरली. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर सरकवायची :

१क १ख १ग १घ
२घ २क २ख २ग
३ग ३घ ३क ३ख
४ख ४ग ४घ ४क

आता रकाना क पाहा. चारही आकडे चार वेगवेगळ्या प्रोसेसरांकडे आहेत. कुठलाही रकाना घ्या, तसंच आहे, आणि ओळीही तशाच पसरलेल्या राहिल्या. किंमत मोजावी लागते ती दोन ठिकाणी. पहिली अशी की रकाना काढताना पहिल्या प्रोसेसरला पहिला कप्पा उघडायचा असतो, दुसऱ्याला दुसरा. हुकूम एक आणि कप्पा ज्याचा त्याचा, यासाठी इलियाक फोरच्या प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा निर्देशांक ठेवायला जागा दिलेली होती. दुसरी अशी की काढलेली ओळ थोडी फिरलेली येते, ती शेजारच्या वाटांनी पुन्हा जागेवर सरकवावी लागते. चौसष्ट पट तोट्यापुढे हे काहीच नाही.

एवढी छोटी युक्ती, पण ती सुचण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आपली विचार करायची सवय बदलावी लागते. तोवर आकडा म्हणजे नाव होतं, ‘क’ म्हटलं की मिळायचा. इथे आकड्याला पत्ता, गल्ली आणि शेजारी आले.

हे ओझं भाषांनी उचलावं म्हणून खटपट झाली. इलिनॉयमध्ये डंकन लॉरी आणि सहकाऱ्यांनी ग्लिपनिर ही भाषा केली. तिच्यात चौसष्ट शब्दांची एक पूर्ण ओळ हेच मूळ चलन होतं. शास्त्रज्ञांच्या नेहमीच्या फोरट्रान भाषेतले प्रोग्रॅम आपोआप समांतर करणारा अनुवादक मॅसॅच्युसेट्स कॉम्प्युटर असोसिएट्स इथे बनत होता, आणि त्या कामातूनच लेस्ली लॅम्पोर्ट यांचा प्रोग्रॅममधली आवर्तनं (लूप) समांतर चालवण्यावरचा १९७४ चा पायाभूत लेख आला. एम्समध्ये हवेच्या प्रवाहावर काम करणाऱ्यांनी सीएफडी नावाची आपली फोरट्रानसारखी भाषा केली. तिच्यात तारांकन टाकलं की ‘चौसष्टही’ असा अर्थ. तिसरी वाट सर्वांत कमी महत्त्वाकांक्षी, आणि काम करणाऱ्यांना तीच मानवली. यंत्र लपवायचं नाही, चौसष्ट हा आकडा उघड दाखवायचा आणि त्याप्रमाणे प्रश्नच बेतून घ्यायचा.

कारण प्रश्न बेतला नाही तर शिक्षा ताबडतोब होती. जाळीवर ६५ बिंदू असले तर ६४ एका फेरीत आणि उरलेल्या एकासाठी आणखी अख्खी फेरी. यंत्राची जवळपास निम्मी ताकद वाया.

याच्याही वरचा पेच तबकडीचा, म्हणजे मेमरीबाहेर आकडे साठवणाऱ्या फिरत्या डिस्कचा. मेमरी एक मेगाबाइट, म्हणजे १,३१,०७२ शब्द. एम्सच्या रॉबर्ट रोगॅलो यांनी या यंत्रावर हवेच्या खळबळीची जी गणितं केली त्यांची जाळी १२८ बाय १२८ बाय १२८ होती. बिंदू झाले २० लाख ९७ हजार १५२. एका बिंदूला एक शब्द धरला तरी वेगाचा एकच घटक ठेवायला मेमरीच्या सोळा पट जागा हवी, आणि वेगाला घटक तीन. त्यामुळे आकडे राहणार तबकडीवर, तुकड्यातुकड्यानं आत येणार, गणले जाऊन परत जाणार. तबकडीची एक फेरी सुमारे ४० मिलिसेकंदांची. हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी २० मिलिसेकंद. १३ मेगाहर्ट्झच्या हिशेबानं तेवढ्यात क्लॉकचे २ लाख ६० हजार ठोके पडून जातात, चौसष्ट प्रोसेसर तोवर रिकामे. एकदा वाचन सुरू झालं की मात्र सेकंदाला सुमारे ५० कोटी बिट यायचे, म्हणजे अख्खी मेमरी १७ मिलिसेकंदांत भरायची. थोडक्यात, थांबायला २० आणि भरायला १७.

म्हणून काम करणारे तबकडीवरची मांडणीसुद्धा हातानं करायचे. एक तुकडा गणून होईल तेव्हा फिरत फिरत नेमका पुढचा तुकडा डोक्याखाली येईल, अशा अंतरानं तुकडे ठेवायचे. त्यात खळबळीच्या गणिताला फूरिये रूपांतर, म्हणजे आकड्यांची लहरींमध्ये फोड, तीन दिशांनी करावं लागतं. आधी आडवं, मग उभं, मग खोलीच्या दिशेनं. म्हणजे ओळ आणि रकान्याचाच प्रश्न, तीन मितींत आणि तबकडीसकट. प्रिन्स्टनच्या फिरत्या ड्रमपाशी सुचलेली कल्पना अखेर पुन्हा फिरत्या तबकडीशी ताल जुळवत उभी होती. हा योग मला विलक्षण वाटतो.

आणि ते जमलं. रोगॅलो यांचं १९८१ चं काम खळबळीच्या अभ्यासात आजही आधार म्हणून सांगितलं जातं. परवेझ मोईन आणि जॉन किम यांनी दोन भिंतींमधल्या प्रवाहाचं जे गणित १९८२ मध्ये प्रसिद्ध केलं तेही याच यंत्रावरचं. त्यांच्या जाळीत ५,१६,०९६ बिंदू होते : ६४ गुणिले ६३ गुणिले १२८. त्या गुणाकाराकडे पाहिलं की यंत्राचा ठसा भौतिकशास्त्रावर कसा उमटलाय ते दिसतं.

नंतर

यंत्र सप्टेंबर १९८१ मध्ये बंद झालं. स्लॉटनिक १९८५ मध्ये गेला, वय अवघं ५३. नियंत्रण विभाग आणि एक प्रोसेसर आता माउंटन व्ह्यूच्या संगणक संग्रहालयात आहे, जिथे ते चाललं तिथून अगदी जवळ.

या घराण्याशी आपल्याकडचाही एक धागा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक उभा करणाऱ्यांतले आर. नरसिंहन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इलिनॉयला होते आणि तिथे ते इलियाक थ्रीच्या कामात होते. तेही जाळीचंच यंत्र, ३२ बाय ३२ चं, कणांच्या मागांची छायाचित्रं वाचण्यासाठी. १९६८ मध्ये ते आगीत गेलं. पुण्यात सी-डॅकनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० केला तेव्हा रस्ता दुसरा निवडला. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा प्रोग्रॅम, आपापसांत निरोपांची देवाणघेवाण. एका हलगीची शिस्त तिथे नव्हती. काही काळ असं वाटलं की ती शिस्त आता कायमची मागे पडली.

ती परतली जीपीयूमधून. एनव्हीडियाच्या जीपीयूमध्ये बत्तीस धागे एका हुकमावर चालतात. ‘जर-नाहीतर’ आलं की ज्यांची अट खोटी ते थांबतात, खटक्यासारखेच. आणि आतली जी लहान वेगवान मेमरी असते तिचे बत्तीस कप्पे असतात. बत्तीस जणांनी बत्तीस वेगळ्या कप्प्यांत हात घातला तर एका दमात सगळ्यांना मिळतं, सगळे एकाच कप्प्यावर आले तर रांग लागते.

कामाच्या पहिल्या वर्षी कोष्टक उलटं करायचा, म्हणजे ओळींचे रकाने करायचा, एक तयार प्रोग्रॅम माझ्या हाती आला. त्यात बत्तीस बाय बत्तीसच्या तुकड्यासाठी जागा राखली होती [३२][३३], म्हणजे बत्तीस ओळी आणि तेहेतीस रकाने. मला वाटलं एक जास्तीचा आहे, मी तो ३२ केला. उत्तर तेच आलं, वेळ मात्र कितीतरी वाढला. मग कागदावर कप्पे मांडून पाहिलं. ओळ बत्तीसची असली तर एका रकान्यातले सगळे आकडे एकाच कप्प्यात पडतात. तेहेतीसची केली की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर सरकते आणि रकाना बत्तीसही कप्प्यांत पसरतो. कागदावर उमटलेली ती तिरपी नक्षी पुढे काही वर्षांनी इलियाक फोरच्या कागदपत्रांत दिसली तेव्हा मी ती लगेच ओळखली. तेहेतिसावा रकाना आजही आमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. त्यात कधीच काही लिहिलं जात नाही.